फिशप्लेटमधील मासा

रात्रीच्या आगगाडीनें जाणाऱ्या प्रवाशाला डोळा लागण्यापूर्वीं चाकांचा एक ठेका ऐकूं येतो. खट्-खट्, खट्-खट् असा तो संथ लयीनें चाललेला असतो. जेथें रूळ वितळजोडानें सलग केलेले आहेत तेथें हा ठेका जवळजवळ नाहींसा झाला आहे. पण जुन्या पद्धतीच्या मार्गावर, स्टेशनांच्या आवारांत आणि बाजूच्या फांट्यांवर तो अजून स्पष्ट ऐकूं येतो. एका रुळाचें टोंक संपून दुसऱ्याचें सुरू होतें, त्या सांध्याचा हा आवाज. त्या सांध्याला दोन्ही अंगांनीं आवळून धरणाऱ्या पोलादी पट्टीला इंग्रजींत 'फिशप्लेट' असें नांव आहे.

हें नांव मराठी घरांना अपरिचित नाहीं. कोठें रुळाच्या फिशप्लेट काढल्याची, तर कोठें सैल झालेली फिशप्लेट गँगमनच्या वेळींच ध्यानांत आल्यामुळें अपघात टळल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते. सकाळच्या चहाच्या वेळीं ती मोठ्यानें वाचली जाते, आणि घरांतील एखादें चौकस मूल हटकून विचारतें, "रुळाला मासा कशाला?" बहुधा उत्तर मिळतें कीं, ती पट्टी माशासारखी लांबट असते म्हणून. मुलाचें समाधान होतें आणि वडीलही पुन्हां वर्तमानपत्राकडे वळतात. परंतु हें उत्तर चुकीचें आहे. या पट्टीचा आणि पाण्यांतील माशाचा आकारानें, कामानें किंवा कुळानें कांहीं संबंध नाहीं. ही चूक कशी होते आणि ती दुरुस्त केल्यानें हातीं काय लागतें, हें पाहण्यासारखें आहे.

शब्दाचा शोध कोशापासून सुरू करावा अशी रीत आहे. परंतु कारागिरांच्या सामानाच्या नांवांबाबत तो प्रत्यक्ष वस्तूपासून सुरू करणें अधिक हिताचें ठरतें. रूळ आडवा कापून पाहिला तर त्याचे तीन भाग दिसतात. वरतीं, चाक जिच्यावरून धांवतें ती जाड बाजू म्हणजे रुळाचें डोकें. मध्यें उभी व पातळ अशी त्याची कंबर. आणि खालीं रुंद पाय. दोन रूळ टोंकाला टोंक लावून ठेवले, तर त्यांच्या कंबरेशीं एक पट्टी आंतल्या बाजूनें व एक बाहेरच्या बाजूनें लावतात, आणि पट्टी-रूळ-पट्टी असे आरपार बोल्ट घालून तें सर्व आवळतात. बोल्ट बहुधा चार असतात. दोन एका रुळाला व दोन दुसऱ्याला.

येथें एक बारकावा आहे. ही पट्टी रुळाच्या कंबरेला चिकटून बसत नाहीं. रुळाच्या डोक्याची खालची बाजू उतरती असते आणि पायाची वरची बाजूही उतरती असते. या दोन उतारांच्या मध्यें पट्टी पाचरीसारखी शिरते. बोल्ट जसजसा आवळावा तसतशी ती अधिकाधिक घट्ट रुतते. असें झालें म्हणजे दोन तुटक रूळ एकाच अखंड तुळईसारखे भार सहन करतात. मात्र हा सांधा अगदींच जखडूनही चालत नाहीं. आपल्याकडे ब्रॉडगेज मार्गावरील रुळाची ठरीव लांबी १३ मीटर आहे. पहांटेच्या गारव्यापासून दुपारच्या रणरणत्या उन्हापर्यंत रुळाच्या तपमानांत ४० अंशांचा फरक पडला, तर असा एक रूळ सुमारें ६ मिलिमीटर वाढतो. म्हणून दोन रुळांच्या टोंकांमध्यें थोडी फट ठेवतात आणि रुळांतील भोंकें बोल्टांपेक्षां किंचित् मोठीं असतात. चाक जातांना टोंकें वरखालीं होऊं नयेत इतका सांधा घट्ट हवा, आणि उन्हांत रुळाला लांब होतां यावें इतका तो मोकळाही हवा. यासाठींच उन्हाळ्यापूर्वीं गँगमन हातांत पाना घेऊन एकेक सांधा उघडतात, पुसतात, त्याला वंगण देतात आणि पुन्हां आवळून बंद करतात.

या पट्टीपूर्वींची स्थिति काय होती? पहिल्या लोहमार्गांत रुळांचीं टोंकें लोखंडी खुर्चीसारख्या बैठकींत शेजारीं शेजारीं ठेवीत आणि लांकडी पाचर ठोकून तीं तेथें धरून ठेवीत. टोंकें एकमेकांना बांधलेलीं नसत. चाकाचा भार एका टोंकावर आला कीं तें दबे, आणि पुढच्या रुळाचें टोंक पायरीसारखें आडवें येई. प्रत्येक चाक त्या पायरीवर आदळे. गाड्या हलक्या व सावकाश होत्या तोंवर हें खपलें. परंतु इंजिनें जड होत गेलीं आणि वेग वाढला, तसे सांधे ठेचले जाऊं लागले. रुळाची सर्वांत दुबळी जागा म्हणजे त्याचा सांधा, हें इंजिनिअरांना पदोपदीं जाणवूं लागलें.

यावर उपाय शोधणारा मनुष्य विल्यम ब्रिजेस अ‍ॅडम्स हा होय. त्याचा काल १७९७ ते १८७२. तो प्रथम घोड्यांच्या गाड्या बनविण्याच्या धंद्यांतला. इंग्लंडांतील हौशी गाड्यांविषयीं त्यानें १८३७ सालीं एक ग्रंथही प्रसिद्ध केला होता. पुढें तो आगगाड्यांकडे वळला. रॉबर्ट रिचर्डसन याच्यासह त्यानें १८४७ सालीं रुळांच्या या सांध्याचें पेटंट घेतलें. ईस्टर्न कौंटीज रेल्वेचा इंजिनिअर जेम्स सॅम्युअल यानें त्यांत सुधारणा करून पट्ट्या बोल्टांनीं आवळण्याची पद्धत पुढें आणली. बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, तेव्हां या पेटंटाला अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. ही कल्पना इतकी सोपी आणि इतकी उपयुक्त होती कीं, पुढें जगांतील बहुतेक लोहमार्गांनीं ती उचलली.

वस्तु अशी जन्माला आली. पण नांव कोठून आलें? तें नवें घडविलेलें नव्हतें. तें समुद्रावरून आलें.

शिडाच्या जहाजाचा सगळा जीव त्याच्या डोलकाठींत असतो, हें कोंकणच्या बंदरांत वाढलेल्या माणसाला सांगावयास नको. भर समुद्रांत वादळ झालें आणि डोलकाठीला तडा गेला, तर नवी काठी कोठून आणावयाची? अशा वेळीं जहाजावरील सुतार लांकडाचे लांब तुकडे घेई. ते आंतून काठीच्या गोलाईला बसतील असे पोखरलेले व बाहेरून गोलसर असत. ते तड्याच्या दोन्ही अंगांना लावून त्यांवर दोराचे भक्कम वेढे दिले कीं डोलकाठी पुन्हां शीड पेलूं लागे आणि जहाज कसेंबसें बंदर गांठी. या लांकडी तुकड्याला इंग्रज खलाशी 'फिश' म्हणत, आणि तो लावण्याच्या क्रियेलाही 'फिश करणें' असेंच म्हणत. सतराव्या शतकापासून खलाशांच्या बोलींत हा शब्द रुळलेला आहे.

हाड मोडल्यावर वैद्य काय करतो? मोडलेल्या जागेच्या दोन्ही अंगांना बांबूच्या कामट्या ठेवतो आणि वर पट्टा गुंडाळतो. डोलकाठीचा 'फिश' म्हणजे नेमकी हीच कामटी. अ‍ॅडम्सच्या सांध्यांतही दुसरें काय आहे? जेथें रूळ तुटक आहे तेथें दोन बाजूंनीं दोन कामट्या. फक्त लांकडाच्या जागीं लोखंड आणि दोराच्या जागीं बोल्ट. जहाजांवर पोसलेल्या त्या देशांतील कारागिरांना या नव्या सांध्यांत आपला जुना 'फिश' दिसला आणि त्यांनीं तेंच नांव त्याला दिलें. आजही रुळाच्या ज्या उतरत्या बाजूंना ही पट्टी भिडते त्यांना इंजिनिअर 'फिशिंग प्लेन' म्हणतात. तेथेंही मासेमारीचा संबंध नाहीं. कामटी बांधण्याची ती जागा, एवढाच अर्थ.

मग खलाशांचा हा 'फिश' तरी मासाच नव्हे काय? कोशकारांचा कौल तसा नाहीं. ते या शब्दाचा संबंध फ्रेंच भाषेंतील 'फिश' या शब्दाशीं जोडतात. त्याचा अर्थ खुंटी, मेख, रोंवलेली वस्तु. 'फिशे' या फ्रेंच क्रियापदापासून, म्हणजे रोंवणें, घट्ट बसविणें या अर्थापासून, तो निघाला. आणि त्या क्रियापदाचें मूळ 'घट्ट करणें' या अर्थाच्या 'फिगेरे' या लॅटिन धातूंत आहे. याच लॅटिन धातूपासून इंग्रजींतील 'फिक्स' हा शब्द आला. आज मराठी घरांत "भिंतीवर खिळा फिक्स केला" असें सहज म्हटलें जातें. तेव्हां फिशप्लेटमधील 'फिश' हा माशाचा कोणी नव्हे, तो 'फिक्स'चा भाऊबंद आहे.

दोन निरनिराळ्या कुळांतले शब्द उच्चारानें एक झाले, आणि त्यांपैकीं जो अधिक ओळखीचा, त्याचा अर्थ दुसऱ्याच्या गळ्यांत पडला. असें इंग्रजींत पुष्कळदां घडलें आहे. गोड्या पाण्यांतील खेंकड्याच्या जातीच्या एका प्राण्याला इंग्रज 'क्रेफिश' म्हणतात. तो मासा नव्हे. आणि त्याच्या नांवांतही मुळांत मासा नव्हता. जुन्या फ्रेंचमधील 'क्रेव्हिस' हा शब्द इंग्रजांच्या तोंडीं पडला. शेवटचें अक्षर 'फिश'सारखें ऐकूं आलें आणि प्राणी पाण्यांतला, म्हणून लोकांनीं तेथें मासा घालून टाकला.

याहून गमतीचें उदाहरण पत्त्यांच्या खेळांतलें आहे. पैजेच्या पैशांबद्दल ज्या सोंगट्या ठेवीत त्यांना फ्रेंच लोक तोच 'फिश' शब्द वापरीत. तो इंग्लंडांत गेला आणि इंग्रजांना त्यांत मासा दिसला. नुसता दिसूनच थांबला नाहीं. अठराव्या शतकांत हस्तिदंताच्या आणि शिंपल्याच्या सोंगट्या खरोखरच माशाच्या आकाराच्या कोरल्या जाऊं लागल्या! चुकीच्या व्युत्पत्तीनें वस्तूचें रूपच पालटलें. जेन ऑस्टिन हिच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरींत लिडिया नांवाची मुलगी खेळांत जिंकलेल्या व हरलेल्या 'फिश'विषयीं बडबडते, ती याच सोंगट्यांविषयीं. ही गोष्ट ठाऊक नसलेला भाषांतरकार बिचाऱ्या मुलीच्या पदरांत खरेखुरे मासे टाकील.

इंग्रजांना हंसण्याचें कारण नाहीं. मराठींतही असें घडतें. बेकरींतील कणीक पायांनीं तुडवतात म्हणून त्या पदार्थाला 'पाव' म्हणतात, अशी समजूत जुन्या घरांतून पुष्कळ दिवस होती, आणि त्या समजुतीपायीं कित्येक सोंवळ्या मंडळींनीं पावाला हातही लावला नाहीं. वास्तविक हा शब्द पोर्तुगीज भाषेंतला. त्या भाषेंत भाकरीला 'पांव' म्हणतात. पायाचा आणि त्याचा संबंध फक्त कानापुरता. कानाला पटलेली व्युत्पत्ति माणसाच्या ताटापर्यंत कशी पोंचते, याचें हें घरगुती उदाहरण होय.

मग 'फिश' दिसला कीं तो मासा नव्हेच, असा उलट नियम करावा काय? तोही करूं नये. आणि आश्चर्य असें कीं, याचा पुरावा रेल्वेंतच आहे. जुन्या काळीं एका जातीच्या रुळांना 'फिश-बेलीड', म्हणजे माशाच्या पोटाचे, असें म्हणत. दोन आधारांच्या मध्यें रुळावर वांकण्याचा ताण अधिक येतो, म्हणून तेथें रूळ खालच्या अंगानें जाड व आधारांपाशीं उथळ करीत. बाजूनें पाहिलें तर पोट फुगलेल्या माशासारखा त्याचा आकार दिसे. जॉन बर्किनशॉ यानें १८२० सालीं घडीव लोखंडाचे रूळ लाटण्याचें पेटंट घेतलें तेही याच आकाराचे होते. येथील मासा खराखुरा आहे, कारण हें नांव आकारावरून पडलें. फिशप्लेट हें नांव कामावरून पडलें. एकाच लोहमार्गाच्या इतिहासांत दोन 'फिश' आले, आणि दोघांचीं कुळें वेगळीं. त्यांचा निवाडा नुसत्या कानानें होत नाहीं; ती वस्तु कशी दिसते, काय करते आणि ती प्रथम कोणाच्या हातांत होती, हें विचारावें लागतें.

समासांतील दुसरें पद 'प्लेट' हें. त्यांत फसवणूक नाहीं. तें चपट्या तुकड्याचें साधें नांव आहे. पण त्याचें कुळ संस्कृतज्ञांना आवडण्यासारखें आहे. फ्रेंचमधून मागें जातां जातां हा शब्द रुंद, सपाट या अर्थाच्या 'प्लातुस' या ग्रीक शब्दापर्यंत पोंचतो, आणि तो ग्रीक शब्द व संस्कृतांतील 'पृथु' हे सख्खे भाऊ आहेत. पृथु म्हणजे विस्तीर्ण, त्यावरूनच पृथ्वी. जेवणाच्या टेबलावरील प्लेट, रुळाची फिशप्लेट आणि पायाखालची पृथ्वी यांचें मूळ असें एका ठिकाणीं जाऊन मिळतें. येथें कानाला कांहींच साम्य जाणवत नाहीं, तरी नातें खरें आहे; आणि 'फिश'मध्यें कानाला पूर्ण साम्य जाणवतें, तरी नातें खोटें आहे.

या सर्व शोधाला एक साक्ष फ्रान्समधून मिळते. ज्या भाषेंतून 'फिश' शब्द इंग्रजींत गेला, त्या भाषेंत रुळाच्या या पट्टीला 'फिश' म्हणत नाहींत. फ्रेंच लोक तिला 'एक्लिस' म्हणतात. आणि मोडलेल्या हाडाला वैद्य जी कामटी बांधतो, तिलाही फ्रेंचमध्यें 'एक्लिस' हाच शब्द आहे. इंग्रज कारागिरानें जहाजाची कामटी आठवून नांव दिलें, फ्रेंच कारागिरानें वैद्याची कामटी आठवून. दोघांच्या मनांत चित्र एकच होतें.

कामटी सुटली तर काय होतें, तेंही त्याच देशानें पाहिलें आहे. १२ जुलै २०१३ रोजीं पॅरिसच्या दक्षिणेस ब्रेतिन्यी-सुर-ऑर्ज या स्टेशनांत एक वेगवान प्रवासी गाडी रुळांवरून घसरली आणि सात जण मृत्युमुखीं पडले. तेथील क्रॉसिंगपाशीं असलेली एक फिशप्लेट जागची सुटून फिरली होती आणि रुळांमधील खांचेंत अडकली होती, असें चौकशींत आढळलें. हातभर लांबीची एक पट्टी आणि तिचे बोल्ट यांच्यावर किती माणसांचे जीव विसंबून असतात, हें अशा वेळींच जगाला कळतें. पाना खांद्यावर टाकून उन्हापावसांत मैलोगणती चालणाऱ्या गँगमनला मात्र तें रोज ठाऊक असतें.

आतां प्रश्न राहतो तो मराठीचा. शब्दास शब्द ठेवणाऱ्या भाषांतरकाराच्या हातून फिशप्लेटची 'मत्स्यपट्टी' सहज होईल. ती दिसावयास भारदस्त, परंतु अर्थानें पोकळ. आणि एकदां पुस्तकांत छापली गेली म्हणजे पुढच्या पिढीला त्या पट्टींत मासा शोधीत बसावें लागेल. त्यापेक्षां 'सांधपट्टी' म्हटलें तर मूळ शब्दाचा जीव राखला जातो. किंवा गँगमनच्या तोंडीं बसलेला 'फिशप्लेट' हाच शब्द तसाच ठेवावा. तोही आतां मराठीचाच झाला आहे. परका शब्द जसाच्या तसा घेण्यांत कमीपणा नाहीं. न समजलेल्या शब्दाचें भाषांतर करण्यांत मात्र धोका आहे.

दिवसेंदिवस रूळ एकमेकांना वितळजोडानें जोडले जात आहेत. शेंकडों मीटर अखंड रूळ टाकले जातात, सांधे कमी होतात, आणि त्याबरोबर फिशप्लेटचें नित्याचें कामही कमी होत चाललें आहे. परंतु वितळजोडालाही कधीं तडा जातो. थंडींत रूळ आक्रसून मोडतो. अशी जागा दृष्टीस पडतांच तेथें मध्यें फुगवटा असलेल्या खास फिशप्लेट दोन्ही अंगांना लावतात आणि शिकंज्यांनीं आवळतात. कायमची दुरुस्ती होईपर्यंत गाड्या तेवढ्या आधारावर जपून, मंद गतीनें जातात.

तडा गेलेली वस्तु, दोन्ही अंगांना दोन आधार, आणि बंदर गांठेपर्यंतची निभावणी. वादळांत डोलकाठी सांवरणाऱ्या त्या सुतारानें 'फिश' म्हणून जें केलें होतें, तेंच काम लोहमार्गावर आजही त्याच नांवानें चालूं आहे. "रुळाला मासा कशाला?" असें मुलानें पुन्हां विचारलें, तर त्याला सांगावें कीं, तो मासा नव्हे, बाळ, मोडलेल्या हाताला वैद्य बांधतो ना, ती कामटी आहे ती.